डीन लुंगची ठेव

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे न्यू जर्सीला होते, तेव्हा नात म्हणाली, "आजी, चल, तुला माझी लायब्ररी दाखवते." ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चिनी भाषा शिकते. पुस्तकं म्हटलं की मी लगेच तयार, हे तुम्हा मंडळींना ठाऊक आहेच.

केंट हॉल नावाच्या इमारतीत पूर्व आशियाई भाषांचं हे ग्रंथालय आहे. चिनी, जपानी, कोरियन, तिबेटी मिळून दहा लाखांच्या वर पुस्तकं! पूर्वी तिथे कायद्याचं शिक्षण चाले, म्हणून वाचनदालनात रंगीत काचांच्या खिडकीत न्यायदेवता उभी आहे. कपाटांपुढे मात्र मी पार निरक्षर. जन्मभर मुलांना अक्षरं शिकवली, आणि इथे पुस्तक सुलटं धरलंय की उलटं तेही कळेना! नात भराभर वाचून दाखवत होती.

मग तिने गोष्ट सांगितली. होरेस कार्पेंटियर नावाच्या धनिकाकडे डीन लुंग हा चिनी नोकर होता. १९०१ साली त्याने आपल्या कमाईतले १२,००० डॉलर चिनी विद्येच्या अभ्यासासाठी या विद्यापीठाला दिले. पत्राखाली सही करताना स्वतःची ओळख एवढीच दिली, एक चिनी माणूस. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला १८८२ च्या कायद्याने बंदी होती, ते हे दिवस! मालकाने त्यात मोठी भर घातली. १९०२ मध्ये चीनच्या दरबाराकडून पाच हजारांवर खंडांचा ज्ञानकोश भेट आला, आणि ग्रंथालयाचा पाया पडला.

परतताना गाडीत मी गप्प होते. नातीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. माझी पत्रं तिला तिचे बाबा वाचून दाखवतात. मी म्हटलं, "चिनी येतं, मग मराठी का नाही गं?"

"तू कधी शिकवलंच नाहीस, आजी," ती अगदी सहज म्हणाली.

खरंच की! दर खेपेला लाडू-चिवडा नेला, अंकलिपी एकदाही नाही. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्यात जन्म गेला आणि घरचं राहून गेलं.

आता दर रविवारी फोनवर शिकवणी चालते. सध्या गाडी 'ळ'पाशी अडली आहे. हा लेख तिला वाचून दाखवणार नाही. तिचा तिला वाचता येईल तेव्हा वाचेल.