तळघरातला डबा

८ नोव्हेंबर, शनिवार
पिल्सनर माल्ट, थोडा गव्हाचा माल्ट, बेताचे हॉप्स. वीस लिटर वर्ट, म्हणजे बियरचा न आंबलेला गोड काढा, गार झालं तेव्हा घनता मोजणारं हायड्रोमीटर १.०४७ वर. क्योल्शचं, म्हणजे कोलोनच्या फिकट बियरचं, यीस्ट १६ अंशांना सोडलं आणि डबा तळघरात नेऊन ठेवला. कोलोनमध्ये या दिवसांत तिथे १४ अंश असतं. पाव लिटर वर्ट वेगळ्या बाटलीत काढून, त्यात यीस्ट सढळ हाताने घालून हीटरशेजारी ठेवलं. उबेला ते आधी आंबून संपेल, म्हणजे मोठ्या डब्याला कुठवर उतरायचंय ते कळेल.

९ नोव्हेंबर
वायू बाहेर सोडणारा एअरलॉक गप्प, एकही बुडबुडा नाही. झाकण उचललं नाही. प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं पुरती घट्ट बसत नाहीत, वायू कडेनेच निसटतो. टॉर्च लावली तर आतल्या बाजूला फेसाचा पातळ थर दिसला. तेवढं पुरे.
आईला फोनवर सांगितलं, काहीतरी आंबत ठेवलंय. ती म्हणाली, "थंडीत फुगायचं नाही गं, सोडा घातलास का?"

११ नोव्हेंबर
११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा हंगाम सुरू झाला. सकाळपासून रस्त्यावर विदूषकांचे वेश, ढोल, आणि ०.२ लिटरच्या उभट ग्लासांतून क्योल्श. आपण मात्र तळघरात.
फेस चांगला वर आलाय, गंधकाचा किंचित वास आहे. या यीस्टचा तो सुरुवातीचा स्वभावच, जातो. खोली १४ अंश, पण डब्यावरची पट्टी १८ दाखवते: यीस्ट काम करताना स्वतःच तापतं. आणखी चढलं तर फळांचा वास वाढेल, म्हणून ओलं फडकं गुंडाळलं. नमुना दोन भांड्यांतून वरखाली ओतून वायू घालवला, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात. १.०२९.
डब्यावर 'फिकट एल' अशीच चिठ्ठी लावलीय. क्योल्श हे नाव १९८६च्या करारात सही केलेल्या ब्रुअरींचं, आणि १९९७ पासून त्याला युरोपीय संघाचं संरक्षणही आहे. घरगुती डब्याने उगाच मिरवू नये.

१४ नोव्हेंबर
१.०१५. हीटरशेजारची बाटली १.००९ वर थांबलीय, म्हणजे अजून सहा अंक बाकी. शेवटच्या टप्प्यात यीस्टला ऊब हवी, नाहीतर डायअसेटिल, म्हणजे लोण्याचा वास, मागे राहतो. डबा वरच्या खोलीत १९ अंशांना आणला.
आणल्याबरोबर एअरलॉक जोरात बोलू लागला! नव्या माणसाला वाटेल, पुन्हा जोर धरला. काही नाही, द्रव तापला की त्यात विरघळलेला वायू बाहेर येतो, साखर तेवढीच असते. बुडबुडे मोजत बसणाऱ्यांचा मला जरा रागच येतो.

१७ नोव्हेंबर
१.०१०. दोन छोट्या बाटल्यांत नमुने घेतले. एक तशीच ठेवली, दुसरी झाकून ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं आणि मग गार. तापवलेलीला लोणी लावलेल्या पॉपकॉर्नचा स्पष्ट वास; न तापवलेलीला काहीच नाही. डायअसेटिलचं पूर्वद्रव्य बियरमध्ये दडून आहे, उष्णतेने ते लगेच उघडं पडतं. आज थंड केली असती तर महिन्याभराने ग्लासातच वास आला असता. थांबायचं.

२० नोव्हेंबर
१.००९. रोज मोजत नाही. दर वेळी शंभरेक मिलिलिटर जातं, आणि ते परत डब्यात ओतायचं नसतं. प्यायला मात्र हरकत नाही. कोरडी, स्वच्छ चव, हॉप्सचा कडवटपणा थोडा पुढे.

२२ नोव्हेंबर
परत १.००९. तापवलेल्या नमुन्यालाही लोण्याचा वास नाही. मद्यार्क साधारण ५ टक्के. डबा जुन्या फ्रिजमध्ये, २ अंशांना. हे यीस्ट खाली बसायला फार वेळ लावतं, तीन आठवडे तरी गढूळच राहील. बाटल्या डिसेंबरच्या मध्यावर. तोवर शेजाऱ्यांकडे स्विंग-टॉप बाटल्यांबद्दल विचारायचंय, त्यांच्याकडे रिकाम्या बऱ्याच असतात.