करवंदीचं कुंपण

जमीन घेतली की माणूस आधी कुंपणाचा हिशेब मांडतो. सिमेंटचे खांब, काटेरी तार, मजुरी. भोर तालुक्यातल्या माझ्या डोंगरउताराच्या तुकड्याला मी करवंदीचं कुंपण केलं. तार जनावर अडवते, तेवढंच. करवंदीची जाळी गुरं बाहेर ठेवते आणि बाकी अर्ध्या रानाला आत घेते.

करवंद लावणं अवघड नाही, पण त्याला वेळ पाळावी लागते. मे महिन्यात पूर्ण काळं झालेलं फळ घ्यावं, गर चोळून धुवावा, बी सावलीत कोरडं करावं आणि लगेच पिशवीत लावावं. हे बी ठेवणीतलं नव्हे. पडून राहिलं की त्याची उगवण झपाट्याने घटते. ताजं असेल तर दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. पुढच्या पावसाळ्यात रोपं तीन-चार फुटांवर लावावीत. पहिले एक-दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं, शेळ्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. मग मुरमाड, उथळ जमिनीतही झाड आपलं आपण उभं राहतं. बियांपासून केलेलं झाड तीन-चार वर्षांनी फळाला येतं.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही टपोऱ्या फळांची जात दिली आहे. विक्रीसाठी बाग करायची असेल तर ती जरूर लावावी. कुंपणासाठी मात्र मी आसपासच्या डोंगरावरचंच बी घेतो. बियांची झाडं सारखी निघत नाहीत. एखादी जाळी लवकर फुलते, शेजारची मागाहून. एकीची करवंदं आंबट, दुसरीची गोड. बाजाराला ही खोट वाटेल; फुलपाखराला आणि बुलबुलाला याचा अर्थ जास्त दिवस चालणारं अन्न.

उन्हाळा लागता लागता जाळ्या पांढऱ्या होतात. फूल जवळून पाहावं: पाच टोकदार पाकळ्या आणि खाली दोनेक सेंटिमीटरची बारीक नळी. मध त्या नळीच्या तळाशी. तिथवर पोचायला लांब सोंड लागते, म्हणून फुलपाखरं येतात आणि अंधार पडल्यावर पतंग. संध्याकाळनंतर वास दाटतो तो त्यांच्यासाठीच. कण्हेरीवरचा मोठा हिरवा पतंग करवंदीच्या पानांवरही अंडी घालतो. त्याची जाडजूड अळी डिवचली की अंग आखडून पुढच्या भागावरचे दोन निळे डोळे वटारते. ते खरे डोळे नव्हेत, पण चोच मारायला आलेला पक्षी बिचकतो. ती चार पानं खाईल. तिला खाऊ द्यावं. औषध फवारलं तर अळीबरोबर फुलावरची फुलपाखरं आणि पतंगही जातात, आणि मग फळ धरायचं कसं?

एप्रिल-मेमध्ये करवंदं हिरव्याची लाल आणि लालाची काळी होतात. देठ तोडला की पांढरा चीक बोटांना चिकटतो. मुलं फळ फोडून कोंबडा की कोंबडी ते बघतात; आत लाल निघाला तर कोंबडा. डोंगरातल्या बायका पळसाच्या पानांच्या द्रोणात ‘डोंगरची काळी मैना’ विकायला एसटी स्टँडवर येतात. कैकांच्या घरचा पावसाळ्याआधीचा रोख पैसा तोच. बुलबुल, कोकीळ, तांबट दिवसा फळांवर असतात. रात्री उदमांजर आणि कोल्हा. त्यांच्या विष्ठेतून बी डोंगरभर जातं. जोडीजोडीने वाढलेल्या काट्यांत बुलबुलाचं घरटं सुरक्षित राहतं. गुरांचं तोंड पोचत नाही अशा त्या जाळीच्या पोटात ऐनाचं नाहीतर आपट्याचं रोप निमूट वाढतं आणि एक दिवस जाळीच्या वर डोकं काढतं. उघड्या माळावर तेच रोप पहिल्याच वर्षी चरलं जातं.

म्हणून करवंद वाढवण्यातलं खरं कसब कोयता आवरण्यात आहे. छाटणी करायची तर फळं संपल्यावर, पावसाच्या सुरुवातीला, आणि तीही घरटं रिकामं आहे ना हे पाहून. फुलं फांद्यांच्या शेंड्यांना येतात. हिवाळ्याअखेर कुंपण ‘नीट’ करायला गेलं की त्या वर्षीचा सगळा बहर कापला जातो. माझ्याकडे हाताशी येतील तेवढी करवंदं आम्ही काढतो, कच्ची लोणच्याला आणि पिकली खायला. वरची आणि आतली ज्यांची त्यांना.

डोंगरउतारांवर आज प्लॉट पडत आहेत आणि पहिल्याच दिवशी जेसीबी जाळ्या उपटून ‘साफ’ जमीन दाखवतो. दर उन्हाळी वणवे लागतात ते वेगळेच. जमीन घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: हद्दीवरची करवंदीची जाळी उपटू नका, आणि नसेल तर या मे महिन्यात खाल्लेल्या करवंदांच्या बिया टाकून देऊ नका. त्याच आठवड्यात मातीत लावा.