अर्ध्या पगाराची रजा

आजऱ्याचा माणूस आजारी पडला की त्याची थट्टा ठरलेलीच. ‘आजारी रजेवर आजऱ्याला’ हा विनोद कचेरीतल्या प्रत्येकाने एकदा तरी केला, आणि तो आपल्यालाच प्रथम सुचला अशा समजुतीने केला. मणक्याचा क्षय असला की हसतानाही पाठ दुखते. तरी मी दर वेळी हसलो.

ही २०१८ सालची गोष्ट. सरकारी रजेचे गणित मला त्या वर्षी तोंडपाठ झाले. नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे २० दिवस अर्ध्या पगाराचे. माझी चौदा वर्षे, म्हणजे २८० दिवस. डॉक्टरांचा दाखला जोडून पुरा पगार घ्यावा, तर खात्यातून दुप्पट दिवस वजा. मी ९० दिवस पुऱ्या पगाराचे करून घेतले; उरले १००, तेही अर्ध्याचे. अर्जित रजा शेवटच्या घासासारखी राखून ठेवली. मुंबईत बायको नोकरीला आणि मुलगा शाळेला गेल्यावर मला पाणी द्यायला कोणी नव्हते, म्हणून कमरेला पट्टा बांधून गावी आलो.

हवापालट म्हणून नव्हे, हे सांगितले पाहिजे. पूर्वी आमच्या भागातले क्षयरोगी मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामात जात. १९५६ साली मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. काही रोगी आरोग्यधामात ठेवले, काही आपापल्या दाटीवाटीच्या घरी. औषधे दोघांना तीच. १९५९ साली निष्कर्ष छापून आला : बरे होण्यात दोघांत फारसा फरक नाही. बरे करतात त्या गोळ्या. फुप्फुसाच्या साध्या क्षयाला त्या सहा महिने पुरतात, मणक्याला वर्ष-दीड वर्ष.

क्षय म्हटले की खोकणारा, खंगलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मी खोकत नव्हतो, आणि आईच्या हातच्या घनसाळ भाताने दोन महिन्यांत चांगला गुटगुटीत झालो होतो. फुप्फुस धड असले की हाडाचा क्षय दुसऱ्याला लागत नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. निम्मे लोक तरीही उंबऱ्याबाहेरून विचारपूस करीत. उरलेले आत येत, माझा भरलेला चेहरा न्याहाळत आणि जाताना म्हणत, “बरं हाय की! सरकारी नोकरी म्हंजे अशी!” या दुसऱ्या मंडळींपेक्षा मला पहिली परवडत. भीती समजते, हेवा कसा समजून घ्यायचा?

आमचे अण्णा मात्र काहीच बोलत नसत. श्रावणातल्या एका दुपारी पाऊस कौलांवर कोसळत असताना त्यांनी एकदम विचारले, “तुझ्या जाग्यावर कोण लावलाय?”

“कुणी नाही. शेजारच्या टेबलावरचे बघतात.”

“आपलं काम करून? जादा पगाराबिगर?”

“हो.”

ते बराच वेळ गप्प बसले. अण्णा १९७२ च्या दुष्काळात मुंबईला गेले आणि गिरणीत बदली कामगार झाले. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी दारात उभे राहायचे; कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या जागेवर त्या दिवसाची हजेरी. कोणाला ताप आला की कोणाची तरी चूल पेटायची. हे मला ठाऊक होते. पुढचे नव्हते.

“आपल्याच भागातला एक जण हुता,” ते म्हणाले. “छातीचा क्षय. रजेवर गावाकडं गेला. त्याच्या सांच्यावर मी पाच म्हैनं काढलं. रोज सकाळी वाटायचं, आज येईल. पोटात गोळा यायचा. मग कळलं, त्यो येत न्हाई आता.” थोडे थांबून म्हणाले, “त्याच जाग्यावर मी कायम झालो. पेढं वाटलं आम्ही खोलीत.”

तो सांचाही पुढे राहिला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अण्णा वळकटी घेऊन गावी आले, आणि परत गेलेच नाहीत.

तसा कायदा गिरणी कामगाराच्याही बाजूने होता. राज्य विमा योजनेचा कायदा १९४८ चा. आज त्यात साध्या आजारपणाला वर्षातले ९१ दिवस ७० टक्के मजुरी मिळते, आणि क्षयासारख्या दीर्घ दुखण्याला, अटी पुऱ्या होत असल्या तर, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. पण बदलीवाल्याच्या पोटातल्या गोळ्याला कोणत्याच कायद्यात कलम नाही.

त्या दिवसानंतर अण्णा रोज सकाळी माझ्या गोळ्या स्वतः मोजून देऊ लागले. चार महिन्यांनी मला काठी टेकत हिरण्यकेशीपर्यंत नेले. सहाव्या महिन्यात रामतीर्थापर्यंत. वाटेत कोणी “अजून रजाच काय?” असे विचारले की माझ्या आधी तेच उत्तर देत, “हाडाचं दुखणं हाय. येळ लागतो.”

मी रुजू व्हायला निघालो, तेव्हा कामावर जाण्यास योग्य असल्याचा दाखला पिशवीत सर्वांत वर ठेवला होता. अण्णांनी तो उचलून बाजूला केला आणि खाली पाच शेर घनसाळ तांदूळ भरला.

“हे घरला न्हवं,” ते म्हणाले. “शेजारच्या टेबलावाल्याला दे.”