‘वेळेर’ आणि ‘वेळेवर’

हरमलच्या किनाऱ्यावर एका वृद्ध मच्छीमाराने मला सांगितले, “होडी वेळेर हाडली.” मी म्हणालो, “वेळेवर आणलीत, बरे झाले.” ते हसले. “भाऊ, वेळार न्हय, वेळेर!” होडी वेळेवर नव्हे, किनाऱ्यावर आणली होती.

संस्कृत ‘वेला’ हे आकारान्त स्त्रीलिंगी नाम. सीमा, समुद्राचा काठ, भरती आणि काळ असे त्याचे अर्थ. दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो (फल–फळ, काल–काळ). ‘ल्ल’चा मात्र ‘ल’ राहतो (गल्ल–गाल). अन्त्य ‘आ’ लोपला आणि ‘वेळ’ उरली. लोपलेल्या स्वराची खूण सामान्यरूपात टिकली: प्राकृत ‘वेलाए’पासून ‘वेळे-’. म्हणून ती वेळ येते आणि आपण वेळेवर पोचतो. याउलट तो वेळ जातो, तेव्हा रूप पुल्लिंगी होते: थोड्या वेळाने, इतक्या वेळात.

मराठीने दोन्ही लिंगे काळासाठीच वापरली. कोंकणीने त्यांची वाटणी केली: पुल्लिंगी वेळ म्हणजे काळ, सप्तमीत ‘वेळार’, स्त्रीलिंगी वेळ म्हणजे किनारा, सप्तमीत ‘वेळेर’. एका मात्रेने काळ आणि काठ वेगळे राहतात.

आदिस्लाव भाषेतील ‘वोदा’ (पाणी) हेही असेच आकारान्त स्त्रीलिंगी नाम. त्या भाषेचा एकही लेख उपलब्ध नाही. रशियन, पोलिश, बल्गेरियन रूपे ताडून अभ्यासक ते सिद्ध करतात आणि आधी तारांकन लावतात. आपल्या ‘वेळे’ला तारांकनाची गरज नाही. संस्कृत ग्रंथांत आहे, प्राकृतात आहे आणि हरमलला तर बोलणाऱ्याच्या तोंडी आहे.

मी मराठीचा कार्यकर्ता. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने मराठीला दिलेले स्थान मला आजही अपुरे वाटते, आणि ते मी मांडत राहीन. परंतु ‘वेळेर’सारखी रूपे म्हणजे ‘वेळेवर’चा अपभ्रंश, असे मी सभांतून सांगत आलो, ते चूक होते. घडण दोन्हींची एकच. पण ‘वेला’चा समुद्राकडचा अर्थ त्या मच्छीमाराच्या बोलीने जपला आणि माझ्या प्रमाण मराठीने सोडला. मराठीचा हक्क मागताना शेजारणीचे शब्द अशुद्ध ठरवावे लागत असतील, तर आपला युक्तिवादच दुबळा आहे.

‘वेला’चा एक अर्थ सीमा. सीमाभागात आयुष्य घालवलेल्या मला तो शिकायला हरमलला यावे लागले.