कलमामागचं कारण

नोकरी सांभाळून स्ट्रक्चर्समध्ये एम.ई. करायचं ठरवलं, तेव्हा बहुतेकांनी विचारलं, पगार किती वाढेल? प्रश्न रास्तच होता. घराचा हप्ता, मुलांची शाळा, साइटवरचे फोन, आणि वर संध्याकाळचे वर्ग. माणूस हिशेब मांडणारच. माझी ओढ मात्र वेगळी होती.

डिझाइन ऑफिसात सगळी घाई असते. ड्रॉइंग आजच साइटवर जायला हवं. सॉफ्टवेअर आकडे देतं, आयएस कोड कलम देतो, आपण सही करतो. कॉलमच्या रिंगेचा हूक १३५ अंशांत वळवा, असं आयएस १३९२० सांगतो. फिटर कुरकुरला की मी म्हणायचो, ‘कोडात आहे.’ वर्गात सरांनी फळ्यावर कॉलमचा छेद काढला. भूकंपात कॉलम हेलकावे खातो, तेव्हा बाहेरचं कव्हर आधी झडतं. ९० अंशांचा हूक त्या कव्हरच्याच भरवशावर असतो; तो उघडतो, उभ्या सळया बाहेर वाकतात, आतलं काँक्रीट चुरतं. १३५ अंशांचा हूक गाभ्यात रुतलेला असतो, म्हणून टिकतो. आता फिटरला मी हेच समजावतो, आणि तोही हूक मन लावून वळवतो.

कोयना धरणाचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेला. डायनॅमिक्सच्या तासाला तो आलेख होऊन समोर आला. १०३ मीटर उंच धरणाला तडे गेले ते बरेच वर, जिथे खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो तिथे. डिझाइन करताना भूकंपाचा जोर उंचीभर सारखाच धरला होता. प्रत्यक्षात माथा पायापेक्षा कितीतरी जास्त हलतो. बर्कलीच्या अनिल चोप्रांनी ते गणितानं उलगडलं. आजही जगभरचे अभ्यासक कोयनेच्या त्या भूकंपाची नोंद घेऊन आपल्या पद्धती पारखतात.

हेच विशीत शिकलो असतो, तर परीक्षेपुरतं पाठ केलं असतं. साइटवर उभं राहिल्यावर त्याचं वजन कळतं. म्हणून काही वर्षं काम केलेल्या इंजिनिअरनं पुन्हा वर्गात बसावं आणि कंपन्यांनी त्याला तेवढी सवड द्यावी, असं मला मनापासून वाटतं. पगार वाढो न वाढो, आपण सही केलेल्या ड्रॉइंगमधली प्रत्येक रेघ का आहे, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. त्या इमारतीत राहायला येणाऱ्यांचा तेवढा हक्क आहे.