आंबोलीचे रात्रीचे रहिवासी

आंबोलीला मुंबईकर जातो तो धबधबा पाहायला. आम्हीही गेल्या जुलैत त्यासाठीच गेलो. पण घाटात धुके असे दाटले की धबधबा नुसता ऐकूनच समाधान मानावे लागले. "एवढ्यासाठी यायचे, तर घरचा नळ काय वाईट होता?" सौ. म्हणाल्या.

रात्री जेवणे झाल्यावर, उतरलो होतो त्या घरचे काका विजेरी घेऊन आले. "रात्रीची आंबोली बघूक येतास?"

घरामागच्या डबक्यावर एक फांदी वाकली होती. तिच्या पानांना साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला. पुतण्या बंड्याला वाटले, इथे कुणी कपडे धुतले! ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे होते. मादी अंगातून पाझरणारा द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस करते. बाहेरून तो वाळतो, आत अंडी ओली राहतात आणि पाण्यातल्या शत्रूंच्या तोंडी लागत नाहीत. पिल्ले मात्र थेट खाली डबक्यात पडतात. हा बेडूक पोपटी, बोटांमधले पडदे नारिंगी. जीवावर बेतले की ते पसरून झाडावरून नऊ-दहा मीटर तरंगत जातो.

मला मात्र पायरीवरच्या गृहस्थाचे अधिक कौतुक वाटले. साधाच भेक, अंगभर फोड आलेला. काकांचा मोती हुंगत आला, तरी हा पळाला नाही. मान खाली घातली, अंगात हवा भरली, चारी पाय ताठ केले आणि बघता बघता दुप्पट झाला! सापाला असा फुगलेला घास गिळणे जड जाते. शिवाय डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी. दाबल्या की दुधासारखे विष येते, ते हृदयावर परिणाम करते. मोती दोन पावले मागे सरला.

"एकदा तोंडात धरलल्यान," काका म्हणाले, "सांजेपर्यंत फेस गळत होतो. आता लांबसूनच नमस्कार!"

गवत्या साप मात्र या विषाला भीक घालत नाही. भेक हेच त्याचे मुख्य अन्न.

इथल्या कातळावर आणखी एक छोटा भेक राहतो, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला. आंबोली भेक म्हणून शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली ती 2009 साली, आणि आज तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. पावसाच्या रात्री रस्ता ओलांडताना तो चाकांखाली सापडतो, असे काका म्हणाले. मी मान डोलावली आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीहून परतताना अंधार पडला होता. वळणावर दिव्यांच्या झोतात काही तरी दिसले. मला वाटले, उडी मारील बाजूला. पण त्याने मान खाली घातली, अंग फुगवले, चारी पाय ताठ केले. सापाला, कुत्र्याला पुरून उरणारी ती युक्ती त्याने माझ्या गाडीवर केली. ब्रेक दाबला, तोवर उशीर झाला होता.

गाडीत कुणी बोलेना. पुढे रस्ताभर तसलीच ठिपक्यांची वर्दळ. बंड्या छत्री न घेताच उतरला, विजेरी घेऊन पुढे चालू लागला. पहिलाच भेक उचलला, तर त्याच्या हातावरच मुतला! "हात डोळ्यांना लावू नकोस रे!" सौ. ओरडल्या, मग पदर खोचून स्वतःच उतरल्या. दोघे पुढे, मी मागे पहिल्या गियरमध्ये. दोन किलोमीटरना तास लागला. काकूंनी वाढून ठेवलेले पिठले थंडगार झाले होते.