तामाकी मकाऊराऊ आणि चोपडा

6 सप्टेंबर 2025ला ऑकलंडमध्ये पोटनिवडणूक झाली. इथे न्यूझीलंडमध्ये कायम रहिवाशालाही मत असतं, नागरिकत्व लागत नाही. पण या निवडणुकीत मला मत नव्हतं, आणि नव्हतं तेच योग्य. ‘तामाकी मकाऊराऊ’ ही इथल्या मूळ रहिवासी माओरींची जागा, मतदारही माओरी यादीतलेच. खासदार ताकुताई टार्श केम्प जूनमध्ये वारल्या. 2023ला त्या फेरमोजणीत अवघ्या 42 मतांनी आल्या होत्या. आता त्यांच्याच पक्षाच्या, पूर्वी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या ओरिनी काइपारा सुमारे तीन हजार मतांनी जिंकल्या.

या जागा 1867च्या कायद्यातून आल्या. तेव्हा चार होत्या, आज सात. माओरी यादीत नाव ठेवायचं की सर्वसाधारण यादीत, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कामावरच्या माओरी मित्राने जेवताना मतदानाचं कार्ड दाखवलं. म्हणाला, आजी-आई माओरी यादीत, धाकटा भाऊ मात्र दुसरीत गेलाय, आणि सणावाराला घर जमलं की त्यावरून अजून वाजतं.

गावाकडच्या राखीव जागेची गोष्ट वेगळी. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या यावल तालुक्याचे 2008च्या मतदारसंघ पुनर्रचनेत दोन तुकडे झाले. यावल-फैजपूर रावेरला जोडलं, किनगाव-साकळीकडची गावं चोपड्याला. चोपडा अनुसूचित जमातींसाठी राखीव. उमेदवार आदिवासी, मतदार मात्र सगळेच. त्यामुळे निवडून यायचं तर केळी-कापसाची सपाटीवरची गावं सांभाळावीच लागतात. सातपुड्याच्या पाड्यांवरचे पावरा, तडवी एकटे कुणाला पाडूही शकत नाहीत.

माओरींसारखे स्वतंत्र मतदारसंघ दलितांसाठी बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत मागितले आणि 1932च्या जातीय निवाड्यात ते मिळालेही. गांधीजींच्या उपोषणापुढे बाबासाहेबांना ते सोडावे लागले, आणि 24 सप्टेंबरला येरवड्यात पुणे करार झाला. राखीव जागा वाढून 148 झाल्या, पण अंतिम निवडीत मत सर्वांचं. त्यांची मागणी काय होती, ते मला पुस्तकांपेक्षा ऑकलंडमध्ये जास्त कळलं. इथला माओरी खासदार आपल्याच माणसांपुढे उभा राहतो आणि त्यांच्याच मतांनी पडतो.

अर्थात या पोटनिवडणुकीत एकतृतीयांश मतदारही बाहेर पडले नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं. तरी माझं मत माओरी जागांच्या पद्धतीच्याच बाजूने आहे.

चोपड्याच्या पुढच्या निवडणुकीला गावी जाता आलं, तर मी सभांना जाणार नाही. वैजापूरकडच्या पाड्यांवर उमेदवार किती वेळ थांबतो आणि पावरीत किती बोलतो, तेवढं मला बघायचंय.